ट्रेमोलोच्या तिरक्या रेघा आणि प्लेबॅक: सराव-ट्रॅकच्या नोंदी

४ मार्च

काम असं: स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा आणि टिंपनीच्या एका स्कोअरवरून वादकांसाठी सराव-ट्रॅक काढायचे. जलद भागाचा टेम्पो १४४ (मिनिटाला इतक्या क्वार्टर नोटा), मधल्या संथ भागाचा ४८. जलद भागाचा निम्म्या गतीचा, म्हणजे ७२ चा ट्रॅकही हवा. स्कोअर नोटेशन सॉफ्टवेअरात लिहून तयार आहे आणि छापील पानात काही खोट नाही. पण प्ले दाबलं की ट्रेमोलोची (एकच स्वर झरझर पुन्हा पुन्हा वाजवायचा; खूण म्हणजे नोटेच्या दांडीवरच्या तिरक्या रेघा) प्रत्येक जागा बिघडते. जलद भागात व्हायोलिन शिलाई मशीनसारखी वाजतात, संथ भागात तोच ट्रेमोलो मोजून मारलेल्या ठोक्यांसारखा येतो आणि टिंपनीचा रोल फुटतो.

मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची एक प्रत काढून तिला ‘ऐकण्याची प्रत’ असं नाव दिलं. प्लेबॅकसाठीचे सगळे बदल या प्रतीत होतील, छापायची प्रत आहे तशी राहील. एकाच फाइलमध्ये लपवलेला स्टाफ (स्वर लिहायच्या पाच रेषा) ठेवून तोच वाजवायचा, अशीही पद्धत आहे. पण मग प्रत्येक दुरुस्ती दोन स्टाफवर करावी लागते आणि लपवलेला स्टाफ हमखास विसरला जातो. दोन फाइली बऱ्या.

५ मार्च: चाचणीचं पान

कानावर भरवसा ठेवण्याआधी सॉफ्टवेअर रेघांचा अर्थ काय लावतं ते आकड्यांत पाहायला हवं. त्यासाठी एकाच व्हायोलिनचं छोटं पान लिहिलं, मिडी फाइल (आवाज नव्हे, कोणता स्वर कधी सुरू-बंद होतो याच्या सूचना) म्हणून एक्स्पोर्ट केलं आणि घटनांची यादी दाखवणाऱ्या एका ऑडिओ सॉफ्टवेअरात उघडलं. क्वार्टर नोटला ४८० टिक (मिडीतलं वेळेचं एकक; हाफ नोट क्वार्टरच्या दुप्पट, एट्थ निम्मी) धरले तर यादीत हे दिसायला हवं:

हाफ नोट, एक रेघ: २४० टिकांच्या ४ नोटा.
हाफ नोट, दोन रेघा: १२० टिकांच्या ८ नोटा.
क्वार्टर, तीन रेघा: ६० टिकांच्या ८ नोटा.
डॉटेड क्वार्टर, तीन रेघा: ६० टिकांच्या १२ नोटा.
एट्थ, दोन रेघा: ६० टिकांच्या ४ नोटा.
ट्रिपलेटमधली (दोनच्या वेळेत तीन) एट्थ, एक रेघ: ८० टिकांच्या २ नोटा.
टायने (दोन नोटांचा एकच लांब स्वर करणारी कमान) जोडलेल्या दोन होल नोटा, दोन्हींवर तीन रेघा: ६० टिकांच्या ६४ नोटा.

क्वार्टरला ९६० टिक धरणारं सॉफ्टवेअर असेल तर टिकांचे आकडे दुप्पट करायचे. नोटांची संख्या तीच राहते.

रेघा टाकण्याची जागा प्रत्येक सॉफ्टवेअरात वेगळी. म्यूझस्कोअरमध्ये ट्रेमोलोचं स्वतंत्र पॅलेट आहे. डोरिकोमध्ये नोट निवडून शिफ्ट आणि आर दाबलं की येणाऱ्या चौकटीत हव्या तितक्या तिरक्या रेघा टाइप करतात. सिबेलियसमध्ये ट्रेमोलो कीपॅडच्या बीम आणि ट्रेमोलोच्या लेआउटमध्ये असतात.

पहिल्या चार ओळी बरोबर आल्या. चूक पुढच्या तिन्ही ओळींत निघाली.

एट्थ नोटेच्या दांडीला स्वतःचा एक झेंडा असतो. तो आणि दोन रेघा मिळून तीन, म्हणून थर्टीसेकंड (क्वार्टरचा आठवा भाग). यादीत मात्र १२० टिकांच्या २ नोटा आल्या, म्हणजे झेंडा हिशेबात धरलाच गेला नव्हता. स्कोअरमध्ये बीमने (झेंड्यांच्या जागी येणाऱ्या पट्टीने) जोडलेल्या एट्थ नोटांवर ट्रेमोलो असलेली जागा आहे आणि तिथला प्लेबॅक निम्म्या वेगाने चालला होता. ऐकून ही चूक पकडता आली नसती, कारण लय कुठेही मोडत नाही, फक्त घनता कमी होते.

ट्रिपलेटमध्ये १६० टिकांची एट्थ १२० टिकांच्या तुकड्यांत कापली जात होती. एक पूर्ण नोट आणि मागे ४० टिकांचा तुकडा. जलद गतीत तो तुकडा टिचकीसारखा ऐकू येतो.

टायच्या जोडीत पहिल्या मापात (बारमध्ये) ३२ नोटा होत्या आणि दुसऱ्या मापात नुसता लांब स्वर. टायमुळे दुसरी नोट पहिलीचाच लांबलेला भाग धरली गेली आणि तिच्यावरच्या रेघा गाळल्या गेल्या. ऐकण्याच्या प्रतीत टाय काढून टाकले की प्रश्न सुटतो. पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या स्वराला मापाच्या रेषेवर नवा आघात मिळाल्याने काही बिघडत नाही.

एट्थ आणि ट्रिपलेटच्या जागा मोजक्या होत्या, त्या ऐकण्याच्या प्रतीत सुट्या नोटांनी पूर्ण लिहून टाकल्या.

७ मार्च: सेकंदाला किती ठोके

या कामातली सगळ्यात महत्त्वाची विभागणी आज झाली. स्कोअरमधल्या प्रत्येक ट्रेमोलोवर शिसपेन्सिलीने खूण केली: ‘मोजलेला’ की ‘न मोजलेला’. मोजलेल्यात रेघा हे लिहिण्यातलं संक्षिप्त रूप असतं, वादक तेवढ्याच नोटा वाजवतो. न मोजलेल्यात वादक बो (गज) जमेल तितका झरझर हलवतो आणि कुणी मोजत बसत नाही. कागदावर दोन्हींना तीन रेघा असू शकतात. माणूस संदर्भावरून ओळखतो, सॉफ्टवेअर बहुतेक वेळा रेघा मोजून मोकळं होतं.

ओळखायच्या खुणा: पहिल्या मापात सुट्या नोटा लिहून पुढे रेघा असतील तर मोजलेला. एक किंवा दोन रेघा असतील तर जवळपास नेहमीच मोजलेला. ‘ट्रेम.’ असं लिहिलं असेल किंवा लांब स्वरांवर तीन रेघा असतील तर बहुधा न मोजलेला. संथ टेम्पोत मात्र तीन रेघा खरोखर मोजलेले थर्टीसेकंड असू शकतात, म्हणून संथ भागात जाणते लिहिणारे न मोजलेल्यासाठी चार रेघा देतात.

आता वेगाचा हिशेब. १४४ ला क्वार्टर ४१७ मिलिसेकंदांची, म्हणजे थर्टीसेकंड ५२ ची: सेकंदाला १९.२ ठोके. ७२ ला त्याच रेघांचे ९.६ ठोके. ४८ ला थर्टीसेकंड १५६ मिलिसेकंदांची, ठोके ६.४. एकच चिन्ह, एकच परिणाम अपेक्षित आणि वेगात तिपटीचा फरक.

कानाला सेकंदाला साधारण ९ ते १३ ठोके नैसर्गिक वाटतात. त्यामुळे न मोजलेल्या जागांसाठी ऐकण्याच्या प्रतीत असं ठरवलं: १४४ ला दोन रेघा (९.६), ७२ ला तीन (९.६), ४८ ला चार (१२.८). मोजलेल्या जागांना हात लावला नाही. त्या टेम्पोबरोबर हळू झाल्याच पाहिजेत, सराव-ट्रॅकचा उपयोगच तो.

यातून एक गोष्ट ओघाने आली: निम्म्या गतीचा ट्रॅक त्याच फाइलचा टेम्पो कमी करून काढता येणार नाही. ऐकण्याच्या प्रतीही दोन लागतील.

१४४ ला तीन रेघा वाईट का वाजत होत्या याचं दुसरं कारणही सापडलं. वापरातल्या व्हायोलिन सॅम्पलचा (वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या स्वराचा) अटॅक, म्हणजे आवाज पूर्ण चढायला लागणारा वेळ, सुमारे ८० मिलिसेकंदांचा आहे. ५२ मिलिसेकंदांत नोट बंद होत असेल तर स्वर पूर्ण आवाजापर्यंत पोहोचतच नाही. नोटा दुप्पट आणि आवाज पातळ, असं उलटं गणित होतं. व्हेलॉसिटी (मिडीतला ठोक्याचा जोर) कितीही वाढवली तरी ते सुधारत नाही.

९ मार्च: पहिलीच नोट वाजते, बाकी शांतता

व्हिओलाच्या एका ओळीत ट्रेमोलोची पहिली नोट वाजून पुढे काहीच ऐकू येत नव्हतं. यादीत नोटा सगळ्या होत्या. बारकाईने पाहिलं तर असं: टिक ६० वर आधी दुसऱ्या नोटेचा नोट-ऑन (सुरू करण्याची सूचना), लगेच त्याच टिकवर पहिल्या नोटेचा नोट-ऑफ (बंद करण्याची). चॅनेल तोच, स्वरही तोच. नोट-ऑफ कोणत्या नोटेसाठी आहे हे सिंथला (मिडीवरून आवाज काढणाऱ्या सॉफ्टवेअरला) कळायला मार्ग नाही, म्हणून नुकतीच सुरू झालेली नोटही बंद होते. पुढच्या प्रत्येक ठोक्यावर हेच.

उपाय: नोटेची वाजण्याची लांबी १०० टक्क्यांवरून ९५ वर आणली. ६० टिकांची नोट ५७ वर संपते आणि पुढच्या नोट-ऑनआधी ३ टिक मोकळे राहतात. १४४ च्या टेम्पोत एक टिक म्हणजे ०.८७ मिलिसेकंद, त्यामुळे ही फट ऐकू येत नाही. ९० च्या खाली गेलं की मात्र ट्रेमोलो टोचरा व्हायला लागतो.

याच जातीचा दुसरा दोष चेलोत निघाला. एका स्टाफवर दोन आवाज: वरच्या आवाजात लांब रे, खालच्यात त्याच रे वर ट्रेमोलो. ट्रेमोलोच्या पहिल्या नोट-ऑफलाच लांब रे कापला जात होता. लांबी कमी करून इथे भागत नाही. दोन आवाजांना वेगळे चॅनेल द्यायचे किंवा दुसरा आवाज वेगळ्या स्टाफवर न्यायचा. दुसरा मार्ग घेतला.

१० मार्च: तयार ट्रेमोलोचा आवाज

न मोजलेल्या लांब स्वरांसाठी सुट्या नोटांपेक्षा तयार ट्रेमोलो सॅम्पल बरं. जनरल मिडीच्या (वाद्यांच्या ठरलेल्या क्रमांकांच्या) यादीत ट्रेमोलो स्ट्रिंग्जचा क्रमांक ४५ आहे. हा क्रमांक १ पासून मोजलेला. काही सॉफ्टवेअर ० पासून मोजतात, तिथे हाच आवाज ४४ वर येतो आणि ४५ टाकलं तर पिझिकॅटो (बोटाने छेडलेल्या तारा) वाजतं. सगळ्या स्ट्रिंग्ज अचानक टपटप वाजायला लागल्या तर आधी हे तपासावं. टिंपनी १ पासून मोजून ४८, ० पासून ४७.

पॅच (सिंथमधला निवडलेला आवाज) बदलल्यावर पहिलं ऐकणं आधीपेक्षा वाईट होतं: नुसता घोळ. कारण ट्रेमोलोचं सॅम्पल आणि वरून रेघांमुळे होणारे सुटे ठोके, दोन्ही एकावर एक. म्हणजे सॅम्पलचा ट्रेमोलो सेकंदाला दहा वेळा नव्याने सुरू होत होता. ज्या जागी ट्रेमोलोचा पॅच असेल तिथल्या रेघा ऐकण्याच्या प्रतीतून काढून साधा लांब स्वर ठेवायचा. पॅच तरी किंवा रेघा तरी, दोन्ही कधीच नाहीत.

मग चॅनेलची अडचण आली. पाच स्ट्रिंग ओळी, प्रत्येकीला आर्को (बोने वाजवलेला), पिझिकॅटो आणि ट्रेमोलो असा एकेक चॅनेल दिला की १५ झाले. चॅनेल १० तालवाद्यांसाठी राखीव. एका पोर्टवर १६ च असतात, सगळे भरले आणि टिंपनीला जागा उरली नाही. म्हणून चॅनेल वेगळे न ठेवता एकाच चॅनेलवर प्रोग्रॅम (म्हणजे पॅच) बदलायचा ठरवलं. प्रोग्रॅम बदलण्याची सूचना नोटेच्या १० टिक आधी ठेवली. त्याच टिकवर ठेवली तर काही वेळा नोट आधी जाते आणि पहिला स्वर जुन्या आवाजात निघतो. ट्रेमोलो संपल्यावर आर्कोकडे परत येण्याची सूचनाही लागते, नाहीतर पुढची शांत धूनसुद्धा थरथरत वाजते. प्रत्येक प्रवेशाला येणं आणि जाणं अशा दोन नोंदी कागदावर लिहून मगच फाइलमध्ये टाकल्या.

तयार सॅम्पलची एक मर्यादा मान्य करावी लागते. साउंडफॉन्टात (सॅम्पलच्या संग्रहाच्या फाइलमध्ये) एकच रेकॉर्डिंग शेजारच्या अनेक पट्ट्यांना पुरवलेलं असतं आणि वरच्या स्वरासाठी ते वेगाने वाजवलं जातं. चार सेमीटोन वर गेलं की ट्रेमोलोचा वेगही १.२६ पट होतो. जिथे एका रेकॉर्डिंगची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तिथे वेग एकदम मागे येतो. लांब कॉर्डमध्ये हे चालून जातं, किंबहुना वेगवेगळ्या वेगांमुळे समूह खरा वाटतो. पण ट्रेमोलोत चढत जाणारी सुरावट असेल तर तो धक्का स्पष्ट ऐकू येतो. पहिल्या व्हायोलिनची अशी एक सुरावट आहे, तिथे पॅच काढून सुट्या नोटाच ठेवल्या.

१३ मार्च: बास मध्येच गायब

जलद भागाच्या शेवटी मोजलेला, तीन रेघांचा, सात स्वरांचा कॉर्ड आहे. तिथे डबल बासचा लांब स्वर मध्येच कापला जात होता. आधी संगणकाचा वेग कमी पडतोय असं वाटलं आणि बफर वाढवण्यात बराच वेळ गेला. पण थेट फाइलमध्ये रेंडर करतानाही, म्हणजे न ऐकता ऑडिओ फाइल बनवतानाही, त्याच ठिकाणी तोच दोष. रेंडरिंगला वेळेची घाई नसते, म्हणजे दोष वेगाचा नव्हता.

गणित करून पाहिलं. सेकंदाला १९.२ नोटा. सॅम्पलचा रिलीज १ सेकंदाचा, म्हणजे बंद झालेली नोट आणखी सेकंदभर विरत राहते. एका स्वराच्या एका क्षणी साधारण १९ नोटा जिवंत. सॅम्पल स्टिरिओ, प्रत्येक नोटेला दोन व्हॉइस (सिंथमध्ये एका वेळी वाजणारे सुटे आवाज): ३८. सात स्वरांचे २६६. वापरातल्या फ्लुइडसिंथ या सिंथची मूळ मर्यादा २५६ व्हॉइसची आहे. मर्यादा ओलांडली की सिंथ चालू असलेले काही व्हॉइस बंद करतो आणि बराच वेळ धरून ठेवलेला बास त्यात सापडतो.

मर्यादा ५१२ केल्यावर बास टिकला. तरी खरा उपाय रिलीज कमी करण्याचा आहे, कारण विरणाऱ्या शेपट्यांचा थर कॉर्डला चिखल करतो. पॉलिफोन या मोफत साउंडफॉन्ट एडिटरमध्ये व्हायोलिनच्या पॅचची प्रत काढली, प्रतीचा रिलीज ०.२ सेकंदांवर आणला आणि ती फक्त मोजलेल्या ट्रेमोलोसाठी ठेवली. कॉर्डमधली प्रत्येक नोट सुटी ऐकू यायला लागली. कोरडेपणा आला तो रिव्हर्बने भरून काढला.

१४ मार्च: एकसारखेपणा

सुट्या नोटा आता वाजतात सगळ्या, पण एकाच सॅम्पलच्या हुबेहूब प्रती बरोबर एकाच अंतराने येतात आणि कानाला यंत्राची घरघर ऐकू येते. सॅम्पलमध्ये आळीपाळीने वाजणारी रेकॉर्डिंग्ज असतील तर ती आधी चालू करावीत. या साउंडफॉन्टात ती नाहीत. म्हणून मिडीत बदल केले: पहिल्या ठोक्याची व्हेलॉसिटी आहे तशी, पुढे एक आड एक नोटेची ५ ने कमी (वर जाणारा बो थोडा हलका), त्यावर अधिक-उणे ४ चा विस्कळीतपणा. वेळेत अधिक-उणे ३ टिक. मोजलेल्या जागी प्रत्येक बीटची पहिली नोट हलवली नाही, नाहीतर सरावाला लावलेल्या मेट्रोनोमशी ती भांडते.

वेळ ६ टिकांपर्यंत हलवून पाहिली. ९५ टक्क्यांची ३ टिकांची फट त्यात संपते आणि ९ मार्चचा दोष परत येतो. हे दोन आकडे एकत्रच ठरवावे लागतात. ३ टिकांवरही शेजारच्या दोन नोटा एकमेकींकडे सरकल्या तर फट पुरत नाही, म्हणून हलवून झाल्यावर प्रत्येक नोटेचा शेवट पुढच्या नोटेच्या सुरुवातीआधी २ टिक येईल असा पुन्हा कापला.

१६ मार्च: टिंपनी

टिंपनीच्या सॅम्पलची शेपटी लांब आणि प्रत्येक ठोका पूर्ण ताकदीचा. विरणाऱ्या ठोक्यांवर नवे ठोके चढत जातात आणि दोन मापांत पातळी लाल रेषेपलीकडे. दोन अगदी सारखे आवाज एकावर एक जुळले तर पातळी ६ डेसिबलने वाढते, न जुळणारे असले तरी ३ ने. फोर्टेतला रोल लिहिलेल्या व्हेलॉसिटीच्या ६० टक्क्यांवर आणला, पहिला ठोका मात्र ८५ वर. संग्रहात रोलचं स्वतंत्र रेकॉर्डिंग असेल तर तेच वापरावं, सुट्या ठोक्यांनी टिंपनीचा रोल कधीच समाधानकारक होत नाही.

टाय इथे मात्र जपायचे. रोल पुढच्या मापातल्या नोटेला टायने जोडलेला असेल तर तो खंड न पडता शेवटच्या ठोक्यात उतरतो. टाय नसेल तर रोल आधी थांबतो आणि ठोका वेगळा पडतो. स्ट्रिंग्जसाठी केलेली टाय काढण्याची सफाई सगळ्या फाइलवर एकदम चालवली की हे सगळे टाय जातात.

१७ मार्च: दोन स्वरांमधला ट्रेमोलो

इथे लिखाणच फसवं आहे. दोन हाफ नोटा रेघांनी जोडलेल्या दिसतात, पण दोन्ही मिळून वेळ एकाच हाफ नोटेचा. दोन रेघा असतील तर ९६० टिकांत १२० टिकांच्या ८ नोटा, म्हणजे चार जोड्या.

दुसऱ्या व्हायोलिनची ओळ जुन्या सॉफ्टवेअरातून म्युझिकएक्सएमएलने (एका सॉफ्टवेअरातून दुसऱ्यात स्कोअर नेण्याच्या फाइल-रूपाने) आणली होती आणि तिथे मापं लांबली होती. म्युझिकएक्सएमएलमध्ये अशा प्रत्येक नोटेसोबत ‘एकाच्या वेळेत दोन’ असं गुणोत्तर लिहावं लागतं. फाइल मजकूर संपादकात उघडून पाहिली तर ट्रेमोलोची सुरुवात आणि शेवट होते, गुणोत्तर नव्हतं. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने दोन पूर्ण हाफ नोटा धरल्या. फिनाले या नोटेशन सॉफ्टवेअरचा विकास ऑगस्ट २०२४ मध्ये थांबल्यापासून अनेक जण जुन्या फाइली म्युझिकएक्सएमएलने हलवत आहेत. त्यांनी दोन स्वरांचे ट्रेमोलो असलेली मापं आधी तपासावीत: मापातली बेरीज जुळत नसेल तर जोडी पुसून नव्या सॉफ्टवेअरात पुन्हा घालणं हे फाइल दुरुस्त करण्यापेक्षा लवकर होतं.

२० मार्च: क्रेशेंडो

सुट्या नोटांवर हेअरपिन (आवाज चढता-उतरता करण्याची खूण) आपोआप चालतो, कारण प्रत्येक ठोक्याला नवी व्हेलॉसिटी मिळते. तयार पॅचच्या लांब स्वरावर चालत नाही. तिथे व्हेलॉसिटी सुरुवातीलाच ठरते, पुढे बदलायला कंट्रोलर ११, म्हणजे एक्स्प्रेशन लागतो. दोन मापांत ४० पासून ११० पर्यंत, दर ६० टिकांना एक पायरी. पायऱ्या विरळ ठेवल्या तर आवाज टप्प्याटप्प्याने उडी मारतो.

एक्स्प्रेशनची शेवटची किंमत चॅनेलवर तशीच राहते. डिमिन्युएंडो ३० वर संपवून तिथेच सोडलं तर पुढची फोर्टेची धून कुजबुजते. प्रत्येक हेअरपिननंतर, स्वर पूर्ण विरल्यावर, किंमत परत १०० वर आणली. विरण्याआधी आणली तर शेपटीच मोठी होते.

२१ मार्च: एक्स्पोर्ट

क्रम असा ठेवला: ऐकण्याच्या दोन प्रती (१४४ आणि ७२ च्या, संथ भाग दोन्हींत ४८ चाच) आधी मिडीत काढायच्या, घटनांच्या यादीत चाचणीच्या पानाचे आकडे आणि प्रोग्रॅम बदल तपासायचे, मग ऑडिओ रेंडर. थेट ऑडिओ काढला की चुकीची जागा शोधायला पूर्ण ट्रॅक पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो.

७२ च्या ट्रॅकमध्ये दोन मोजलेल्या जागा अजून धूसर आहेत. तिथे ०.२ सेकंदांच्या रिलीजचा पॅच लावायचा राहून गेला आहे, जुना १ सेकंदाचाच वाजतो. त्या जागांवर प्रोग्रॅम बदल टाकून फक्त तेवढी मापं पुन्हा रेंडर करायची आहेत. पॅचच्या जागी लांब स्वर आणि इतरत्र सुट्या नोटा अशी सरमिसळ असलेल्या पानावर स्टाफच्या वर ‘पॅच’ आणि ‘रेघा’ असे शब्द लिहून ठेवले आहेत. पुढे स्कोअरमध्ये बदल आला तर कुठे काय केलं होतं ते शोधावं लागणार नाही.